अध्यक्षांच्या घरचं उघडं फाटक

बुसान, १२ ऑक्टोबर १९७०

ताई, नमस्कार.

दाजी सुखरूप पोचले. बोटीतून उतरले तेव्हा तोंड पालकाच्या पाण्यासारखं हिरवंगार झालं होतं. ट्रंक हमालाकडे आणि तू दिलेला चिक्कीचा डबा मात्र छातीशी! आमच्या ह्यांनी धक्क्यावरच मिठी मारली. "या साडूभाऊ, या! तुम्ही आलात, आता आपण बुसान विकत घेऊ!" दाजी बिचारे इकडेतिकडे बघत राहिले.

हे पत्र पोस्टाने येत नाही. बोटीवर खेपा करणारी बाई आहे, तिच्या परकराच्या अस्तरात शिवून येतंय. तेव्हा तूही मोकळेपणाने लिही.

तर कामाचं. ह्यांनी गिजांगला समुद्रकाठी खारवण मुरवायची जुनी शेड घेतली आहे. पुढे मांदेलीचे चाळीस रांजण, मागे दाजींची भट्टी. औषध शिजताना जो काय घाणेरडा वास सुटतो, तो मांदेलीच्या वासापुढे कुणाच्या नाकालाही लागत नाही. तिकडे तुमच्या ओसाकात लोक हे औषध टोचून घेतात नि तीन-तीन दिवस झोपत नाहीत, जेवत नाहीत, हे ऐकून मला हसूच आलं. आम्ही लढाईत फुकट उपाशी राहिलो, वर औषधही नाही! पण तिकडे बनवायला बंदी आणि इकडे विचारायला कुत्रं नाही, म्हणून दाजींच्या हाताला इथे सोन्याचं मोल आहे, असं हे म्हणतात.

मला काय, जिथे तिथे राबायचंच आहे. भट्टीला लाकडं, दाजींना जेवण, आणि "दल-सिम, हे धर, ते ढवळ". बोटं पिवळी पडली आहेत. परवा ह्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "पोर होत नाही, तर निदान भट्टी तरी फुंक." माणसं हसली. मीही हसले. दाजी नाही हसले.

तुझी पत्रं मीच ह्यांना वाचून दाखवते, हे लक्षात ठेव. नवरा अंगठेबहाद्दर असला की बायकोला तेवढाच मान.

तुझी,
दल-सिम

---

ओसाका, २२ नोव्हेंबर १९७०

चि. दल-सिम, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. ह्यांचं स्वतःचं पत्र आलं, चार ओळींचं. त्यातल्या तीन चिक्कीवर. देवळाजवळच्या त्या म्हाताऱ्याच्या दुकानातली, राळ्याची, आल्याचा झणका असलेली, तीच हवी म्हणे. त्या चिक्कीने ह्यांची एक दाढ गेली आहे आणि तरी ही हौस! दोन डबे पाठवते आहे. एक तुझ्या घरात नको उघडूस, सगळा जोंग-पालच फस्त करील.

आता हे जोंग-पालला वाचून दाखव, मोठ्याने. जावईबापू, बोली दोन वर्षांची झाली आहे. दोन वर्षांनी माझा नवरा मला परत हवा, जसा दिला तसा. इथे कारखाना बंद पडल्यापासून रिकामे बसून ते झुरत होते म्हणून मी हो म्हटलं, नाहीतर तुमच्या नादाला लावलं नसतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. दर संध्याकाळी विचारतात, "इन-ग्यू कामावरून आला का गं?" मी म्हणते, "येतीलच एवढ्यात." दोन वर्षं मी हे रोज म्हणणार आहे. त्यापुढे नाही.

इथपर्यंत वाच. पुढचं तुझ्यासाठी.

दल, त्या माणसाने पुन्हा हात उचलला का? आणि पोराबाळांवरून बोलतो ते मनावर घेऊ नकोस. आईने तुला टोपली घेऊन मासळीबाजारात बसवलं आणि मला शाळेत घातलं, तेव्हा मी रोज संध्याकाळी तुला पाटीवर जपानी आणि आपली, दोन्ही अक्षरं शिकवायची. तू माझ्यापेक्षा लवकर शिकलीस. तुझी अक्कल जोंग-पालच्या दहापट आहे. पण ती त्याला दाखवू नकोस.

तुझी ताई,
बोक-सिम

---

बुसान, १८ जून १९७१

ताई, नमस्कार.

आता ह्यांना जोंग-पाल म्हणायचं नाही हं. अध्यक्ष! 'ईस्टर्न सी फूड्स'चे अध्यक्ष. पाटी लागली आहे, पितळेची. हमालीच्या वेळची दोर घासून खांद्याला पडलेली खूण आहे ना, ती झाकायला आता उन्हाळ्यातही कोट घालतात.

घरात शीतकपाट आलंय, पियानो आलाय. वाजवतंय कोण? वर मी लसूण सुकवते. पोलीस ठाण्याचा मोठा साहेब दर बुधवारी जेवायला येतो नि माझ्या हातचं मुळ्याचं किमची डबाभर घेऊन जातो. अध्यक्ष त्याला "दादा" म्हणतात आणि तो गेला की थुंकतात.

एक वाईट झालं. शेडवरच्या एका गड्याने मूठभर औषध चोरलं. अध्यक्षांनी त्याच्या तळपायांना चिरा दिल्या आणि खारवणाच्या रांजणात उभं केलं. मांदेलीच्या मिठात. सकाळी आठपासून दुपारच्या जेवणापर्यंत. आणि सगळ्यांना त्याच्यासमोर बसून जेवायला लावलं. "जेवा रे, ताजं खारवण आहे!" तो सारखा ओरडत होता. दाजी उठून बाहेर गेले आणि भडाभडा ओकले. अध्यक्ष म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं पोट नाजूक." मी उठले नाही. उठले असते तर पुढची मी.

त्या दिवसापासून दाजी नीट जेवत नाहीत. एक जाडी काळी वही आहे त्यांची, सगळी कृती तीत लिहितात, जपानीत. ती उशीखाली घेऊन झोपतात. मी ढवळता ढवळता विचारते, "दाजी, आता काय घालायचं? किती वेळ?" ते सांगतात. वेळ तरी जातो.

आणि हो, अध्यक्षांनी योंगदोला एक ठेवली आहे. तिला मुलगा झालाय. हे मला ठाण्याच्या साहेबाने सांगितलं, किमची घेता घेता.

तुझी,
दल-सिम

---

ओसाका, १० एप्रिल १९७२

चि. दल-सिम, अनेक आशीर्वाद.

सगळं ठीक. सासूबाईंचा खोकला वाढला आहे. जोंग-पालला म्हणावं, पाठवलेला कोटाचा कपडा पोचला, छान आहे. चिक्की पाठवते आहे.

तुझी ताई,
बोक-सिम

(सोबतचं चिठोरं)

दल, हे वाचून दाखवू नकोस. वाचलंस की चुलीत घाल.

ह्यांचं पत्र आलं. हे परत येताहेत. आपल्या जुन्या पंचांगाने तिसऱ्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी. त्या दिवशी जोंग-पाल सोलला जाणार आहे ना? हे सकाळी गिजांगहून निघतील, वही घेऊन, आणि सरळ बोटीवर. वही जोंग-पालला देणार नाहीत. म्हणतात, "माझ्याबरोबर हे सगळं संपलं पाहिजे. मी त्या गड्याचा आवाज अजून ऐकतो." ताप असल्यासारखं लिहिलं आहे गं सगळं.

तू फक्त एवढं कर. धक्क्यावर जा, ह्यांच्या हातात भाताचा डबा दे आणि बोट सुटेपर्यंत उभी राहा. तू तिथे असलीस तर मला धीर येईल. तुझ्याशिवाय तिथे माझं कोण आहे?

---

बुसान, २० मे १९७२

ताई,

कसं लिहू कळत नाही. चिठोरं वाचलं तसं चुलीत घातलं. एकोणिसाव्या दिवशी भाताचा डबा घेऊन सकाळपासून धक्क्यावर उभी होते. समुद्रपालकाचं सूपही नेलं होतं. बोट सुटली. दाजी आलेच नाहीत.

शेडवर गेले तर खोली रिकामी. ट्रंक नाही, वही नाही. अध्यक्षांनी सोलहून परतल्यावर घर डोक्यावर घेतलं. माणसं पाठवली. दोन दिवसांनी कळलं. ताई, मन घट्ट कर. धक्क्याजवळच्या पेयगृहात एक बाई होती, चेहऱ्यावर देवीचे वण असलेली. तीही त्याच दिवसापासून गायब आहे. दोघांना देगूच्या गाडीत बघितलं म्हणतात.

मला खरं वाटत नाही. पण माणसाचं काय सांगावं? दोन वर्षं एकटा पुरुष.

दल-सिम

---

ओसाका, ४ जुलै १९७२

दल-सिम,

खोटं आहे. ज्या माणसाला चिक्कीवाल्या म्हाताऱ्याशी भाव करतानाही लाज वाटते, तो बाई पळवतो? पुन्हा शोध. जोंग-पालच्या डोळ्यांत बघून विचार. मी इथे सासूबाईंना अजून "येतीलच एवढ्यात" म्हणते आहे.

बोक-सिम

---

बुसान, ३ मार्च १९७३

ताई, नमस्कार.

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला चांगलं काही नव्हतं. आता वाईट तरी नक्की कळलं आहे. अध्यक्षांच्या माणसाने दाजींना देगूच्या बाजारात पाहिलं. पाठीशी बांधलेलं तान्हं मूल होतं, मुलगी. जवळ ती देवीच्या वणांची. दाजी तोंड फिरवून निघून गेले. मी रात्रभर रडले. मग म्हटलं, ताईला कळायलाच हवं, नाहीतर वाट बघण्यात तिचं आयुष्य जाईल.

आम्ही टेकडीवरच्या मोठ्या घरात राहायला आलो. भिंत दीड पुरुष उंच, वर काचा लावल्या आहेत. लोखंडी फाटक, चार कुत्रे, सहा माणसं. शेजारी न्यायाधीश राहतात, ते नमस्कार करतात. दाजी गेल्यावर औषधाचं काय झालं म्हणशील तर मी जेवढं पाहिलं होतं तेवढं अध्यक्षांना सांगितलं आणि काम चालू आहे. मी भट्टी बघते. अध्यक्ष लोकांना सांगतात की सोलहून रसायनशास्त्री आणलाय. शेडवरचे एकोणचाळीस रांजण विकले. चाळीसावा तेवढा तोंड बांधून ठेवलाय, मुरायला.

एक विनंती आहे, राग मानू नकोस. अध्यक्षांना त्या चिक्कीची चटक लागली आहे. दर वर्षी तिसऱ्या महिन्याच्या आत एक डबा पाठवशील का?

तुझी,
दल-सिम

---

ओसाका, ९ नोव्हेंबर १९७४

चि. दल-सिम, आशीर्वाद.

दोन वर्षं चिक्कीशिवाय तुला काही पाठवलं नाही. आज लिहिते.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांचे कपडे अंगणात जाळले. कोट, हिवाळी बनियन, लग्नातले जोडे. धूर झाला म्हणून शेजारीण ओरडत आली. तिलाच मी चार शिव्या दिल्या. मग आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. आता येतील एवढ्यात म्हणायचं नाही. तुमच्या मुलाने दुसरं घर केलं, मुलगी झाली. त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी विचारणं बंद केलं.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, "त्याला माझ्या श्राद्धाच्या ताटाला बसू देऊ नकोस. त्याच्या हातचं पाणी मला नको." पोटच्या पोराला शाप देऊन गेल्या. आणि ती गोष्ट मी त्यांच्या कानात घातली होती.

इथले आपले लोक म्हणतात, हरवलेल्यांचं नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी ताट मांडतात, ज्यांची मरणतिथी कुणालाच माहीत नसते त्यांचं, तसं तूही मांड. मी म्हटलं, मेला असेल तर मांडीन. देगूच्या बाजारात फिरणाऱ्याला कशाला?

चिक्की पाठवली आहे. जोंग-पालला म्हणावं, दात सांभाळ.

तुझी ताई,
बोक-सिम

---

बुसान, ११ मे १९७५

ताई, नमस्कार.

आता लिहिते ते कुणाला बोलायचं नाही. पण तुझ्याशिवाय मनातलं सांगायला मला आहे कोण?

अध्यक्ष बिघडले आहेत. दिवसा सिंह. परवा एका जुन्या माणसाच्या तोंडात त्याचीच औषध टोचायची सुई खुपसली, का तर तो जांभई देत होता. पण वर्षातला एक दिवस घाबरून पोरासारखे होतात. तिसऱ्या महिन्याचा एकोणिसावा दिवस. त्या संध्याकाळी ताट मांडायला लावतात. पितरांचं मांडतो तसंच. उत्तरेला पडदा, भात, सूप, पूर्वेला मासा, पश्चिमेला मांस. त्यांच्या वडिलांचं नाही, आईचंही नाही, त्यांच्या तिथ्या मला पाठ आहेत. पहिल्या वर्षी मी विचारलं, "नावाच्या कागदावर काय लिहू?" म्हणाले, "कोरा ठेव. ज्याचं आहे त्याला कळेल." आणि ताटात सगळ्यात पुढे ती तुझी चिक्की. स्वतः एक तुकडा खात नाहीत. तिला हातही लावत नाहीत.

एरवी माशी आत येऊ देत नाहीत, पण त्या दिवशी माणसांना सुट्टी, कुत्रे मागे बांधून, आणि फाटक सताड उघडं. आत्म्याला आत यायला वाट हवी ना! सूर्य मावळल्यापासून तासभर ते एकटे ताटासमोर पालथे पडलेले असतात, पाठ फाटकाकडे. मला आत स्वयंपाकघरात बसायला सांगतात. तीन वर्षं हेच चाललंय. पुढच्या वर्षी हा दिवस एप्रिलच्या अठराला येतो, मी पंचांगात बघून ठेवलं आहे.

बाकी व्यवहार वाईट. तुझ्या गल्लीच्या टोकाला ज्याचं लोखंडी गोळ्यांच्या जुगाराचं दुकान आहे, त्या गिऱ्हाइकाला अध्यक्षांनी दोनदा भेसळीचा माल दिला आणि वर निरोप पाठवला, "काय वाकडं करायचं ते कर." तो दात-ओठ खातोय म्हणे. पण या भिंतीच्या आत तो काय येणार?

आणि माझं सांगायचं तर, योंगदोच्या मुलाचं नाव आमच्या कुळनोंदीत चढायचं आहे, पुढच्या उन्हाळ्यात. मग ती या घरात येईल आणि मी शेडवर जाईन. तसं त्यांनी मला जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.

तुझी,
दल-सिम

---

ओसाका, २ जून १९७५

दल,

हे वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. तू लिहून गेलीस आणि तुला कळलंही नाही काय लिहिलंस ते. एकोणिसावा दिवस! अगं, ह्यांनी बोटीवर चढायचं ठरवलं होतं तो दिवस. हरवलेल्याची तिथी कुणालाच माहीत नसते, म्हणून तर नवव्याची नववी असते. ज्याला नक्की दिवस ठाऊक आहे, तो त्या दिवशी तिथे होता.

हे देगूला गेले नाहीत. हे कुठेच गेले नाहीत.

आणि मी, मूर्ख बाई, तीन वर्षं देवळाजवळ रांगेत उभी राहून, "ताजी द्या हो" म्हणत, माझ्याच नवऱ्याच्या श्राद्धाची चिक्की पाठवत होते. त्यांचे कपडे जाळून. त्यांच्या आईला त्यांना शाप द्यायला लावून. रांधता रांधता हे आठवलं की चटका बसेपर्यंत हात तसाच राहतो.

तू काही बोलू नकोस, चेहऱ्यावर दाखवू नकोस. त्याने तुलाही मारलं असतं. तुला काही माहीत नाही, असंच राहू दे.

ताई

---

ओसाका, १४ मार्च १९७६

चि. दल-सिम, अनेक आशीर्वाद.

चिक्कीचे तीन डबे पाठवते आहे. या वर्षी ताट भरून मांड.

दल, एवढं ऐक. अठरा एप्रिलला संध्याकाळी तू त्या घरात थांबू नकोस. पोट दुखतंय म्हण, देवळात जाते म्हण, काही म्हण. आणि जाताना फाटक उघडं आहे ना ते बघ.

गल्लीच्या टोकापर्यंत मी काल चालत गेले. पन्नास पावलं. यापुढे काही विचारू नकोस. पाप माझं, तुझं नाही.

ताई

---

बुसान, ९ मे १९७६

ताई, नमस्कार.

झालं. दोघे आले होते, पायात मऊ जोडे, शहाण्या माणसांसारखे. अध्यक्ष पालथे पडले होते, कपाळ जमिनीला. उठलेच नाहीत. ताटाला धक्का लागला नाही, फक्त सूप सांडलं. मी देवळात गेले नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघत होते. इतकी वर्षं वाट बघितल्यावर देवळात कोण जातं?

ठाण्याचा साहेब दुसऱ्या दिवशी आला. त्याला किमची दिलं आणि शीतकपाट दिलं. त्याने लिहिलं, हृदय बंद पडलं. योंगदोवाली रडत फाटकाशी आली होती, पोराला घेऊन. कुत्रे सोडले. पोराच्या पोटरीचा लचका गेला. पुन्हा येणार नाही.

आता तुला खरं सांगायला हरकत नाही. इतके दिवस तू मला वेडी, भोळी समजलीस ते मला आवडत होतं. आईही समजायची.

चिठोरं मी चुलीत घातलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. "वाचून दाखवू नकोस" हेसुद्धा. खूप हसले. सोलला गेलेच नाहीत.

का, म्हणून विचारशील. मला शेवटचं काम अजून येत नव्हतं, ताई. शिजलेल्या औषधाचे खडे कसे बसवायचे ते. ते वहीत होतं. दाजी गेले असते तर वही गेली असती, आणि वहीशिवाय मी कोण होते? भट्टी फुंकणारी वांझ बाई. मला वाटलं होतं, वही काढून घेतील, फार तर पाय मोडतील. मारतील असं वाटलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं आहे. वाटल्यास ठेव, नाहीतर खोड.

देवीच्या वणांची बाई कुणी नव्हती. देगूतलं तान्हं मूलही नाही. ते मी एका दुपारी लसूण सोलता सोलता रचलं. तू शोध थांबवावास म्हणून. इतकी जळशील असं वाटलं नव्हतं.

आणि एकोणिसाव्या दिवसाचं मी चुकून लिहिलं नाही. पडदा, कोरा कागद, उघडं फाटक, गल्लीच्या टोकाचं दुकान, एप्रिलची अठरा तारीख, सगळं मोजून मापून लिहिलं, भाताला पाणी घालावं तसं. माझ्या हाताने केलं असतं तर ह्यांच्या माणसांनी मला त्याच रांजणात घातलं असतं. बाहेरून कुणीतरी यायला हवं होतं, आणि त्याला आणायला असं कुणीतरी, ज्याला मागे काही उरलं नाही. तुझ्या पत्रांनी दोन माणसं गेली, ताई. मी फक्त वाचली. वाचायला तूच शिकवलंस.

ह्यांची माणसं आता मला "अध्यक्षबाई" म्हणतात. पहिल्या दिवशी एकजण हसला. त्याचे तळपाय चिरले. आता कुणी हसत नाही. कृती माझ्या एकटीच्या डोक्यात आहे. वही जाळली, ती मात्र खरोखर चुलीत घातली.

आता कामाचं. गल्लीच्या टोकाचा आता माझं गिऱ्हाईक आहे, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही. ओसाकात माल उतरवून घ्यायला मला घरचं माणूस हवं. तू.

रागाने कागद फाडण्याआधी पुढचं वाच. चाळीसावा रांजण मी कधी विकला नाही. कुणाला उघडूही दिला नाही. दाजी त्यातच आहेत, मिठामुळे बरेचसे जसेच्या तसे. मनात आलं तर उद्या समुद्रात ओतीन. मनात आलं तर रीतसर दहन करून पांढऱ्या कापडात बांधलेल्या पेटीत तुझ्याकडे पाठवीन. परदेशातून अस्थी घरी आणणाऱ्या माणसाच्या पेटीला जकातवाले हात लावत नाहीत. टोपी काढतात आणि बाजूला होतात. पेटी मोठी करवून घेतली आहे. वर दाजी, खाली माल. पहिल्या खेपेत अर्धे पाठवते, तू माल पोचता केलास की उरलेले. पुढे पाठवायला इथे अस्थींना तोटा नाही.

तू म्हणालीस ना, जसा दिला तसा परत हवा? यापेक्षा जास्त मला जमणार नाही.

तुझ्या चिक्कीचे दोन डबे तसेच आहेत. एक मी उघडला. खरंच दगड आहे गं. दाजींना काय आवडायचं त्यात, देव जाणे. या घरी मात्र आता कुणाचं ताट मांडत नाही, आणि फाटक बंद असतं. बाराही महिने.

तुझी,
दल-सिम

---

ओसाका, १ जून १९७६

दल-सिम,

पाठव. दार उघडं ठेवलं आहे.

बोक-सिम